शेलच्या सुसंगती-चाचण्यांची मांडणी

सोलापूरच्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत संगणक आता केवळ हिशेबापुरता उरलेला नाही. सुताची आवक, मागांवरचे रोजचे उत्पादन, निर्यातीच्या खोक्यांवर चिकटवायची लेबले आणि रात्रीचा बॅकअप ही सगळी कामे कोणत्या ना कोणत्या लहानशा शेल स्क्रिप्टच्या, म्हणजे शेल नावाचा आज्ञा (कमांड) चालवणारा प्रोग्रॅम ओळीने पार पाडतो अशा आज्ञांच्या फाइलच्या, भरवशावर चालतात, आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील अशा काही कारखान्यांच्या यंत्रणा सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. एकाच कारखान्यात तीच स्क्रिप्ट अनेक ठिकाणी चालवावी लागते. कचेरीतल्या सर्व्हरवर डेबियन हे लिनक्स असते, डिझाइन करणाऱ्याच्या टेबलावर मॅक असतो, बॅकअपच्या पेटीत बिझीबॉक्स ही लहान यंत्रांसाठीची कमांडची जुडी असते, आणि एखाद्या कोपऱ्यात कुणी तरी केव्हाच बसवून ठेवलेले फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीचे यंत्र निमूटपणे काम करत असते. या चारही ठिकाणी ‘/बिन/एसएच’ या नावाखाली जो प्रोग्रॅम चालतो तो निराळा आहे. डेबियनवर तो डॅश आहे, मॅकवर युनिक्ससारख्या प्रणालींसाठी ठरवलेल्या पॉसिक्स मानकाच्या पद्धतीने चालणारा जुना बॅश आहे, बिझीबॉक्समध्ये तिचा स्वतःचा ॲश आहे आणि फ्रीबीएसडीवर ॲशच्याच घराण्यातला, पण स्वतंत्रपणे वाढलेला शेल आहे. स्क्रिप्ट एका ठिकाणी नीट चालली म्हणजे ती इतर तीन ठिकाणीही नीट चालेल, असे यातून मुळीच निष्पन्न होत नाही.

या वेगळेपणाचे मूळ इतिहासात आहे. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. डेव्हिड कॉर्न यांनी आपला शेल १९८३ मध्ये जाहीर केला, केनेथ ॲल्मक्विस्ट यांचा ॲश आणि ब्रायन फॉक्स यांचा बॅश हे दोन्ही १९८९ चे, तर पॉल फाल्स्टॅड यांचा झेडएसएच १९९० चा आहे. शेलची भाषा ठरवून देणारा पॉसिक्स मानकाचा भाग मात्र १९९२ साली आला, म्हणजे ज्यांना नियम लावायचे ते सगळे तोपर्यंत जगभर कामाला लागलेले होते. त्यामुळे मानकाने जिथे सर्वांचे जुळत होते तिथे नियम घालून दिला, आणि जिथे जुळत नव्हते अशा बऱ्याच जागी ती बाब अनिर्दिष्ट ठेवून दोन्ही वागणुकींना मोकळीक दिली. पुढे उबुंटूने ऑक्टोबर २००६ च्या ६.१० आवृत्तीत ‘/बिन/एसएच’ची जागा बॅशकडून काढून डॅशला दिली, डेबियनने २०११ मध्ये तेच केले, आणि नाव एसएचचे पण भिस्त बॅशवर अशा असंख्य स्क्रिप्ट तेव्हा उघड्या पडल्या. मॅकवर २०१९ पासून टर्मिनल उघडले की झेडएसएच समोर येतो, पण त्याच मॅकमधला बॅश अजूनही २००६ च्या ३.२ आवृत्तीवरच थांबलेला आहे, त्यामुळे २००९ मध्ये बॅश ४ ने आणलेले असोसिएटिव्ह ॲरे (नावाने किंमत शोधता येणाऱ्या याद्या) तिथे चालत नाहीत. अशा परिस्थितीत सुसंगतीच्या चाचण्यांचे खरे काम फरक नीट नोंदवून ठेवणे हे आहे, आणि किती चाचण्या लिहिल्या यापेक्षा त्या कशा मांडल्या यावर त्या कामाचे यश ठरते, असे माझे ठाम मत आहे.

एका प्रकरणावरून ही गोष्ट स्पष्ट होईल. एका कारखान्यात माल रवाना झाल्याची मासिक यादी तयार करणारी एक स्क्रिप्ट होती, जी माझ्याकडे काम येण्यापूर्वी कुणी तरी लिहून ठेवली होती. तारखेतून महिना काढायचा, त्यातून एक वजा करायचा आणि मागच्या महिन्याचे फोल्डर उघडायचे, इतकेच तिचे काम. ती फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बिनतक्रार चालली आणि ऑगस्ट उजाडताच सर्व्हरवर बंद पडली. डिझाइनच्या मॅकवर झेडएसएचमध्ये तीच स्क्रिप्ट चालवली तर ती ऑगस्टमध्येही व्यवस्थित चालत होती, म्हणून तिथल्या मंडळींनी स्वाभाविकपणे सर्व्हरलाच दोष दिला. कारण असे होते की $((…)) या अंकगणिताच्या कंसात ज्या संख्येच्या आधी शून्य आहे ती संख्या अष्टमान पद्धतीची समजावी, असे मानक सांगते. ०१ ते ०७ या संख्यांची किंमत दोन्ही पद्धतींत सारखीच असल्यामुळे सात महिने काहीच कळत नाही. अष्टमान पद्धतीत आठ आणि नऊ हे अंकच नाहीत, त्यामुळे ०८ आणि ०९ आले की बॅश आणि डॅश दोघेही एरर देतात. ऑक्टोबर लागला की आधीचे शून्य नाहीसे होते आणि स्क्रिप्ट आपोआप सुधारल्यासारखी दिसते. झेडएसएच मात्र त्याच्या नेहमीच्या पद्धतीत आधीच्या शून्याकडे दुर्लक्ष करतो, आणि तारखा व वेळा वाचताना अडचण येते म्हणून अष्टमान अर्थ लावण्याचा पर्याय मुद्दाम बंद ठेवला आहे, असे त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेले आहे.

एरर आली तर निदान कळते तरी. त्याहून वाईट प्रकार ०१० या संख्येचा आहे, कारण तिथे कोणीच तक्रार करत नाही. बॅश आणि डॅश तिची किंमत ८ सांगतात, झेडएसएच आणि कॉर्न यांच्या शेलच्या घराण्यातला एमकेएसएच १० सांगतात. बिलांचे क्रमांक तीन आकड्यांत लिहिण्याची पद्धत आपल्या पेढ्यांमध्ये सर्रास आहे, आणि दहाव्या बिलानंतर पुढचे बिल ९ क्रमांकाचे निघावे हा प्रकार कोणत्याही व्यापाऱ्याला चालणार नाही. उपाय सोपा आहे: व्हेरिएबलच्या नावापुढे # आणि शून्य लिहून आधीचे एक शून्य छाटायचे, आणि क्रमांक तीन आकडी असेल तर ते छाटणे पुन्हा करायचे. ही सोय मानकात असल्यामुळे ती सर्वत्र चालते.

या प्रकरणानंतर चाचण्यांची जी मांडणी आम्ही स्वीकारली तिचा पाया असा आहे की फाइल शेलच्या नावाने करायची नाही, प्रश्नाच्या नावाने करायची. ‘डॅशच्या चाचण्या’, ‘बॅशच्या चाचण्या’ असे फोल्डर केले की प्रत्येक फोल्डर आपापल्या शेलची बाजू घेऊ लागते आणि तुलना करायला कोणी उरत नाही. त्याऐवजी ‘आधी शून्य असलेल्या संख्येची किंमत काय’ ही एक फाइल असते, तिच्यात सर्वांना विचारायचा तोच मजकूर असतो, मानक काय म्हणते हे एका ओळीत लिहिलेले असते, आणि खाली प्रत्येक शेलचे अपेक्षित उत्तर असते. प्रश्नांचे गट आम्ही असे लावले आहेत: अवतरणे, विस्तार, रीडायरेक्शन, अंकगणित, विशेष बिल्ट-इन (शेलच्या आतच असलेल्या) कमांड, ट्रॅप (सिग्नल आल्यावर काय करायचे ते), आणि शेवटी ‘सेट -ई’. या शेवटच्या गटाला एक पूर्ण फोल्डर द्यावे लागले, कारण चूक झाल्यावर थांबण्याचा हा पर्याय कमांड सब्स्टिट्यूशनच्या, म्हणजे एका कमांडचे उत्तर दुसरीत घालण्याच्या सोयीच्या, आत लागू राहतो की नाही, एवढ्या एका मुद्द्यावरही शेलांमध्ये एकमत नाही. बॅश आपल्या नेहमीच्या पद्धतीत तो आत नेत नाही, पॉसिक्स पद्धतीत नेतो, आणि ४.४ आवृत्तीपासून त्यासाठी वेगळा पर्यायही देतो.

एका फाइलमध्ये एकच प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नासाठी नवी प्रोसेस, हा नियम आम्ही कसोशीने पाळतो. त्याला तांत्रिक कारण आहे. विशेष बिल्ट-इन कमांडमध्ये चूक झाली तर स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलने तिथेच बाहेर पडावे असे मानक सांगते. नसलेली फाइल टिंब-कमांडने वाचायला सांगितली की डॅश खरोखर बाहेर पडतो, पॉसिक्स पद्धतीतला बॅशही बाहेर पडतो, पण नेहमीच्या पद्धतीतला बॅश कुरकुर करून पुढची ओळ घेतो. अशा दहा चाचण्या एकाच प्रोसेसमध्ये रांगेने लावल्या तर पहिल्यावरच डॅशचा प्रवास संपेल आणि उरलेल्या नऊ चाचण्यांत तो नापास झाल्याचे दिसेल, जे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. प्रत्येक चाचणीला रिकामे तात्पुरते फोल्डर मिळते, बाहेरचे सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुसून टाकलेले असतात, पाथ, टाइमझोन आणि उमास्क (नव्या फाइलींचे परवाने) ठरलेले असतात, आणि इनपुटला रिकामे डिव्हाइस जोडलेले असते, म्हणजे चुकून काही वाचायला गेलेला शेल कायमचा वाट पाहत बसत नाही. झेडएसएच सुरू होताना घरच्या फोल्डरमधली सेटिंगची फाइल वाचतो, तीही बंद करावी लागते, नाही तर चाचणी शेलची न होता त्या घरमालकाच्या आवडीनिवडीची होते.

चाचण्या चालवणारा मुख्य प्रोग्रॅम आम्ही पायथनमध्ये लिहिला. शेलची तपासणी शेलकडूनच करून घ्यावी असे पुष्कळांना वाटते आणि ते शक्यही आहे, पण ज्याच्या अंकगणितावर शंका आहे त्यालाच बेरीज तपासायला बसवणे मला पटत नाही.

निकालाच्या तक्त्यात शेलांचे रकाने कसे पाडायचे हा मुद्दा वरवर क्षुल्लक दिसतो, पण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. बॅश आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली हे पाहतो, आणि नाव एसएच असेल तर पॉसिक्स पद्धतीत शिरतो. झेडएसएचही त्या नावाने बोलावल्यावर जुन्या शेलसारखा वागू लागतो, आणि मग तोच झेडएसएच ०१० ची किंमत १० ऐवजी ८ सांगतो. म्हणून ‘बॅश’ आणि ‘एसएच या नावाने बॅश’ हे दोन स्वतंत्र रकाने आहेत, झेडएसएचचेही तसेच. मॅकवरचा एसएच आणि बॅश हे दोन्ही मुळात बॅश ३.२ च आहेत, पण ‘इको -एन’ लिहिले तर बॅश ओळ न मोडता मजकूर छापतो आणि एसएच ‘-एन’ ही अक्षरेसुद्धा छापून मोकळा होतो. रकान्यावर आवृत्ती लिहिणेही तितकेच आवश्यक आहे. बॅश, झेडएसएच आणि एमकेएसएच आपली आवृत्ती एका व्हेरिएबलमध्ये ठेवतात, डॅशकडे मात्र अशी काहीच सोय नाही, त्यामुळे त्याची आवृत्ती डेबियनच्या पॅकेजच्या यादीतून विचारून घ्यावी लागते. आवृत्ती न लिहिलेला निकाल आम्ही संचात ठेवत नाही.

या कामात मला अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी रविवारी मदत करतात. सात रस्त्याजवळच्या माझ्या ऑफिसात पहिला तक्ता भिंतीवरच्या पडद्यावर आला तेव्हा त्यांच्यापैकी एकाने विचारले, “सर, पण यात पास कुठला आणि नापास कुठला?” प्रश्न अगदी योग्य होता, कारण तोपर्यंत तक्त्यात हिरवा आणि लाल असे दोनच रंग होते आणि त्या लाल रंगाचा अर्थ कोणालाच लावता येत नव्हता. मी त्याला म्हणालो, “तू कारखान्यातले फोल्डिंग खाते पाहिले आहेस ना? तिथे बाई टॉवेल उजेडात धरते आणि दोनच ढीग लावते का?” त्याची आई त्याच कामावर असल्यामुळे त्याला पुढे काही सांगावे लागले नाही. निर्दोष माल, रफू करून चालणारा, सेकंड म्हणून विकला जाणारा आणि टाकून द्यायचा, असे ढीग तिथे वेगवेगळे लागतात.

त्याप्रमाणे आम्ही निकालाचे पाच प्रकार केले. उत्तर मानकाप्रमाणे आहे, हा पहिला. मानकाने मोकळीक ठेवली आहे आणि शेलने त्यातला एक मार्ग घेतला आहे, हा दुसरा. उत्तर मानकाविरुद्ध आहे पण माहीत असलेले आहे, हा तिसरा. ही सोय या शेलमध्ये नाहीच, हा चौथा, जसे डॅशमध्ये ॲरे नाहीत. आणि आमच्या नोंदीशी न जुळणारे अनपेक्षित उत्तर, हा पाचवा. लक्ष फक्त पाचव्या प्रकाराकडे द्यायचे असते, बाकीचे चार हे ज्ञान आहे आणि ते तक्त्यात शांतपणे पडून राहते. ऑइल्स या शेल प्रकल्पाच्या चाचण्यांत असाच विचार फार पूर्वीपासून केलेला आहे: एकच मजकूर अनेक शेलांना देऊन, एखाद्याचे उत्तर वेगळे असल्यास ‘ठीक’, ‘दोष’ किंवा ‘सोय नाही’ अशी खूण त्या शेलच्या नावासह तिथेच लिहिली जाते. ज्याला हे काम करायचे आहे त्याने त्या फाइली अवश्य वाचाव्यात.

दुसऱ्या प्रकाराचे, म्हणजे मोकळिकीचे, सर्वांत सुंदर उदाहरण सिग्नलचे, म्हणजे चालू प्रोग्रॅमला पाठवलेल्या इशाऱ्याचे, आहे. एखादी कमांड १५ क्रमांकाच्या सिग्नलने मारली गेली तर शेलने दिलेला एक्झिट स्टेटस (काम कसे संपले ते सांगणारा आकडा) १२८ पेक्षा जास्त असावा, इतकेच मानक सांगते. बॅश आणि डॅश १२८ मध्ये १५ मिळवून १४३ देतात, केएसएच९३ हा कॉर्न यांचा शेल २५६ मध्ये मिळवून २७१ देतो, आणि यॅश हा आणखी एक शेल ३८४ मध्ये मिळवून ३९९ देतो. तिन्ही उत्तरे मानकात बसतात. चाचणीत अपेक्षित उत्तर म्हणून १४३ लिहिणारा माणूस नकळत बॅशलाच मानक समजत असतो, म्हणून या फाइलमध्ये अपेक्षा ‘१२८ पेक्षा मोठा’ अशीच लिहिलेली आहे आणि प्रत्यक्ष आकडे केवळ नोंद म्हणून शेजारी आहेत. एररच्या मजकुराबाबतही आम्ही हेच धोरण ठेवले आहे. प्रत्येक शेलचे शब्द वेगळे असतात आणि आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून एरर आली का आणि स्टेटस शून्याहून वेगळा आहे का, एवढेच पाहिले जाते.

आता ज्या गटाबद्दल मला सर्वाधिक आस्था आहे त्याकडे वळतो. पार्ट्यांची नावे, डिझाइनची नावे आणि गावांची नावे देवनागरीत ठेवण्याचा आग्रह आमच्याकडे वाढतो आहे, आणि सोलापूर हे मराठी, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषांच्या वापराचे शहर असल्यामुळे फाइलींची नावेही तिन्ही लिप्यांत सापडतात. मग साधा प्रश्न विचारला: ‘सोलापूर’ या शब्दाची लांबी किती? वाचणाऱ्याला त्यात सो, ला, पू, र अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने काना-मात्रा-उकार वेगळे मोजले जात असल्यामुळे ती चिन्हे सात होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये त्यातले प्रत्येक तीन बाइट घेत असल्यामुळे बाइट एकवीस होतात. यूटीएफ-८ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा-लिपीचे सेटिंग) बॅश आणि झेडएसएच ७ सांगतात. डेबियन १२ मधला डॅश २१ सांगतो. त्याच बॅशला लोकेल ‘सी’ दिले की तोही २१ वर येतो, आणि क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या स्क्रिप्टला पुष्कळदा नेमके तेच लोकेल मिळते, त्यामुळे दिवसा हाताने चालवलेली स्क्रिप्ट आणि रात्री आपोआप चाललेली स्क्रिप्ट यांची उत्तरे वेगळी निघतात. चार हे उत्तर कोणीच देत नाही. म्हणून या गटातली प्रत्येक चाचणी दोन्ही लोकेलमध्ये चालवली जाते आणि तक्त्यात एका रकान्याचे दोन रकाने होतात.

याचा त्रास प्रत्यक्षात दिसतो तो छापील यादीत. मजकूर मांडून छापणाऱ्या प्रिंटएफ कमांडला दहा जागांचा रकाना मागितला तर बॅश दहा बाइट मोजतो आणि झेडएसएच दहा चिन्हे मोजतो. एकवीस बाइटचा शब्द बॅशच्या मते आधीच रकान्याबाहेर गेलेला असतो, म्हणून तो पुढे एकही मोकळी जागा सोडत नाही, आणि इंग्रजी नावांनंतर सरळ उभे राहणारे आकडे मराठी नावांनंतर वेडेवाकडे होतात. इथे बॅशला दोष देता येत नाही, कारण मानकातली मोजणीही बाइटचीच आहे. माझा निष्कर्ष असा की देवनागरी मजकुराचे रकाने शेलकडून जुळवून घेण्याचा नाद सोडावा आणि मध्ये टॅब ठेवून ते काम यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे द्यावे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी एकाच्या घरी तेलुगू बोलली जाते. त्याने स्वतः बसून त्या लिपीतले शब्द या गटात भरले, आणि जोडाक्षरे असलेली नावे मुद्दाम निवडली.

शेलची चाचणी करताना शेलबाहेरचे काही आत येऊ न देणे ही आणखी एक शिस्त. मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ कमांडचा जागच्या जागी बदल करण्याचा पर्याय लिनक्सवर एक प्रकारे आणि मॅकवर दुसऱ्या प्रकारे लिहावा लागतो, ‘डेट’ कमांडचेही तसेच, पण हे फरक शेलचे नाहीत. म्हणून चाचण्यांमध्ये आम्ही शक्यतो बिल्ट-इन कमांडच वापरतो. तिथेही सावध राहावे लागते: प्रिंटएफ बहुतेक शेलांच्या आत असतो, पण एमकेएसएचमध्ये तो सहसा नसतो आणि बाहेरचा प्रोग्रॅम बोलावला जातो, त्यामुळे तिथे आलेले उत्तर एमकेएसएचचे नसते. तरीही इकोपेक्षा प्रिंटएफ बरा, असे मी सर्वांना सांगतो. विंडोजच्या सामाईक फोल्डरचा उलट्या तिरप्या रेषांचा पत्ता इकोने छापायला गेले आणि फोल्डरचे नाव इंग्रजी लहान ‘एन’ अक्षराने सुरू होत असेल तर डॅश त्या जागी ओळच मोडतो, बॅश पत्ता जसाच्या तसा छापतो.

एका कमांडचे उत्तर दुसरीला देणाऱ्या पाइपच्या शेवटच्या टोकाला ‘रीड’ ही वाचणारी कमांड लिहिण्याची सवय पुष्कळांना असते. केएसएच९३ आणि झेडएसएच ते शेवटचे टोक चालू शेलमध्येच चालवतात, त्यामुळे वाचलेली किंमत नंतरही उरते. बॅश, डॅश आणि एमकेएसएच त्यासाठी वेगळा उपशेल उघडतात आणि किंमत त्याच्याबरोबर नाहीशी होते. मानकाला दोन्ही मान्य आहे. बॅश ४.२ पासून हे बदलण्याचा पर्याय आहे, पण मॅकवरच्या ३.२ ला तो अर्थातच माहीत नाही.

चाचण्या शून्यातून लिहायची गरज नसते. बॅशच्या मूळ कोडबरोबर चाचण्यांचे फोल्डर येते, त्यात प्रश्नाची फाइल आणि ‘राइट’ या प्रत्ययाची अपेक्षित उत्तराची फाइल अशा जोड्या असतात. बिझीबॉक्सनेही तीच पद्धत उचलली आहे. झेडएसएच, एमकेएसएच आणि केएसएच९३ यांचेही आपापले संच आहेत. मात्र हे संच आपला शेल कालच्यासारखाच आज वागतो का हे पाहण्यासाठी लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांतले प्रश्न घ्यावेत आणि उत्तरे पुन्हा मानकाशी ताडून पाहावीत. यॅशच्या संचाची रचना मला विशेष आवडली, कारण त्यात मानकाच्या चाचण्या आणि यॅशच्या स्वतःच्या सोयींच्या चाचण्या फाइलीच्या नावावरूनच वेगळ्या केलेल्या आहेत आणि पहिल्या प्रकारच्या चाचण्या इतर शेलांवरही चालवता येतात. मायकेल ग्रीनबर्ग आणि ऑस्टिन ब्लाट यांनी २०२० मध्ये पॉसिक्स शेलचा औपचारिक अर्थ मांडणारा स्मूश हा चालू शकणारा नमुना प्रसिद्ध केला, तोही रकाना म्हणून घेण्यासारखा आहे, कारण त्याला कुठल्याही जुन्या सवयीचे ओझे नाही. शेलचेक आणि डेबियनचे चेकबॅशिझम्स ही साधने स्क्रिप्ट न चालवता नुसती वाचून दोष दाखवतात. ती वापरावीतच, पण लोकेलमुळे बदलणारी लांबी त्यांना दिसत नाही.

चाचण्या चालतात त्या जुन्या यंत्रांवर, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की पंखा कितीही फिरला तरी प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. ट्रॅप आणि सिग्नलच्या ज्या चाचण्यांत आधी ‘स्लीप’ लावून एक सेकंद थांबणे होते त्या दुपारी अनियमितपणे चुकू लागल्या. वेळ वाढवत नेणे हा उपाय नव्हे. आता त्या चाचण्या नेमड पाइपवर वाट पाहतात, म्हणजे पहिली प्रोसेस तयार झाल्याचे कळवते तेव्हाच दुसरी सिग्नल पाठवते, आणि वेळेची मर्यादा केवळ अडकलेल्या शेलला बाहेर काढण्यासाठी ठेवली आहे. मर्यादा ओलांडणे हा निकालाचा पाचवा प्रकार मानला जातो.

निकालाचा तक्ता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, टॅबने वेगळे केलेल्या रकान्यांत, चाचण्यांबरोबरच गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनात ठेवलेला आहे. एखाद्या कारखान्यात डेबियनची आवृत्ती बदलायची ठरली की आधी नव्या शेलवर पूर्ण संच चालवतो आणि जुन्या-नव्या तक्त्यांतला फरक काढतो. बदललेल्या प्रत्येक ओळीला प्रश्नाचे नाव असल्यामुळे कोणती स्क्रिप्ट तपासायची हे लगेच कळते, आणि स्क्रिप्टमध्येही ज्या ओळीसाठी विशेष काळजी घेतली आहे तिच्या शेजारी त्या प्रश्नाचे नाव शेऱ्यात लिहिलेले असते. पॉसिक्सच्या २०२४ च्या आवृत्तीने पाइपफेलचा, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड चुकली तर पूर्ण पाइप चुकला मानण्याचा, पर्याय मानकात घेतला, तेव्हा त्याच्या फाइलमधली मानकाची ओळ बदलली आणि आधी ‘सोय नाही’ असलेल्या रकान्यांचा दर्जा ‘मानकाविरुद्ध, पण माहीत असलेले’ असा झाला. शेलांचे वागणे तेच राहिले, मोजपट्टी बदलली, आणि मांडणीत ती एका ओळीत बदलता आली. फंक्शनपुरते व्हेरिएबल देणाऱ्या ‘लोकल’ला मात्र अजून मानकात जागा नाही, आणि केएसएच९३ मध्ये ते मुळातच नाही, म्हणून आमच्या सामाईक स्क्रिप्टमध्ये ते वापरायला बंदी आहे.

सी-शेल आणि फिश यांना या संचात रकाना नाही, कारण त्यांची भाषाच वेगळी आहे आणि एसएचसाठी लिहिलेला मजकूर त्यांना विचारण्यात अर्थ नाही. टर्मिनलवर प्रत्यक्ष बसून करायच्या गोष्टी, म्हणजे जॉब कंट्रोल आणि मागच्या कमांड परत बोलावणे, यांना आम्ही अद्याप हात लावलेला नाही, कारण त्यासाठी स्यूडो-टर्मिनल उघडून त्यात कळा दाबल्याचे सोंग आणावे लागते. सध्या ओपनबीएसडीच्या केएसएचचा रकाना जोडण्याचे काम चालू आहे, आणि त्याच्याबरोबर अवतरणांच्या गटात पार्टीच्या नावात मोकळी जागा, उद्गारचिन्ह आणि एकेरी अवतरण एकत्र आले तर काय होते, या प्रश्नाची फाइल विद्यार्थी लिहीत आहेत.